रूफस डिलाहंटीचा बाप

"आला, मंगळवार आला."

वर्डी डिलाहंटीची पावलं कोर्टाच्या तळघराच्या जिन्यावर वाजली की नेल्डा आपलं विणकाम खणात सारायची आणि तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची.

"आला तर येऊ दे. तो दिवा बदलला का?" वर्डी जिन्यातूनच विचारायची.

"वर अर्ज केलाय."

"नाताळातही केला होतात."

"मग दोन झाले की, मिस वर्डी. बसा."

नेल्डा स्टबलफील्ड ही टॉलिव्हर काउंटीच्या, म्हणजे त्या जिल्ह्याच्या, कारकुनाची मदतनीस. वरच्या मजल्यावर गाड्यांचे परवाने आणि लग्नाचे दाखले, खाली तळघरात जुनी दप्तरं. दप्तरांची राखण नेल्डाकडे. पेन आणायचं नाही, पेन्सिल चालेल. कॉफी नाही. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. एवढं पाळलं की मग माणूस तिथं बसून खुशाल वेडा झाला तरी तिची हरकत नसे.

वर्डी त्या बेताला आलेलीच होती. उंच, हाडकुळी, साठी ओलांडलेली बाई. उभा जन्म मिंटर गावच्या शर्टाच्या कारखान्यात कॉलरी शिवण्यात गेला. कॉलरीची दोन टोकं एकमेकांना जुळली नाहीत तर उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, ही तिची सवय. कष्टाला ती भीत नव्हती. पण कष्ट करूनही टोकं जुळत नाहीत म्हणजे काय, हे तिला आयुष्यात कधी ठाऊक नव्हतं. ते या तळघरानं तिला शिकवलं.

तिला शोधायचं होतं इतकंच, की तिचा पणजोबा रूफस डिलाहंटी हा ऍब्सलम डिलाहंटीचा मुलगा होता, याचा एक कागद. एक ओळ. तेवढ्यासाठी ती किती वर्षं खपली हे कुणी विचारलं तर ती विषय बदलायची.

टेनेसीच्या त्या डोंगरांत माणसाचं नाव नंतर विचारतात, आधी विचारतात, "तुम्ही कुणाचे?" वर्डीला हा प्रश्न पहिल्यांदा टोचला तो विशीच्या आत. टॅल्मेज किंब्रो नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं. एका रविवारी त्यानं तिला घरी जेवायला नेलं. त्याच्या आईनं वर्डीच्या ताटात वाटाणे वाढता वाढता विचारलं, "डिलाहंटी? म्हणजे बक क्रीकवरचे?"

"हो, बाई."

"हं. त्यांचं मूळ कुठलं ते देवालासुद्धा धड सांगता यायचं नाही, पोरी. घे, लोणी घे."

टॅल्मेज ताटाकडे बघत राहिला. त्यानं एक शब्द काढला असता तर पुढचं सगळं निराळं झालं असतं, पण नाही काढला. वर्षाच्या आत त्याचं दुसरीकडे लग्न झालं. वर्डीनं नंतर लग्न केलंच नाही. त्याचं कारण किंब्रोबाई असं ती कधी म्हणाली नाही, आणि ते खरंही नसेल. पण "मूळ" हा शब्द तिच्या मनात घर करून बसला तो बसलाच.

तिच्या थोरल्या भावाला, हर्शेलला, मुळाची काळजी नव्हती. त्याच्याकडे ते तयार होतं. हर्शेल गुरांच्या लिलावात बोली पुकारायचा. आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरचं वासरू मान वर करी. दर ऑगस्टात बक क्रीकच्या चर्चच्या पटांगणात सगळे डिलाहंटी जमत, तळलेली कोंबडी आणि केळ्याचं पुडिंग खात, आणि मग हर्शेल बाकावर उभा राहून तेच भाषण करी: "तीन भाऊ समुद्रापलीकडून आले. एक उत्तरेला गेला, एक बुडाला, आणि तिसरा, कॅप्टन ऍब्सलम डिलाहंटी, खांद्यावर बंदूक टाकून डोंगर ओलांडून इथं आला!" पोरं टाळ्या वाजवत. बुडालेल्या भावाचं नाव काय, हे कुणी विचारत नसे.

काउंटीच्या स्थापनेचा उत्सव काही वर्षांवर आला तेव्हा एक मंडळ बसलं आणि जुन्या घराण्यांचं पुस्तक काढायचं ठरलं. प्रत्येक घराण्याला एक पान. मंडळाचे अध्यक्ष फेल्टन, शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. त्यांची अट एकच होती: प्रत्येक पिढीला दप्तरातला आधार हवा, ऐकीव गोष्ट चालणार नाही. हर्शेलनं भर लिलावात जाहीर करून टाकलं की पहिलं पान डिलाहंटींचं. मग तो वर्डीकडे आला. ती त्याच वसंतात कारखान्यातून मोकळी झाली होती.

"तुला आता काय काम आहे?" तो म्हणाला. "जा, जरा कोर्टात जाऊन कॅप्टनचं तेवढं काढून आण. एका दुपारचं काम."

ती एक दुपार अजून संपायची होती.

रूफसपर्यंत सगळं सुरळीत झालं. बापाचा जन्म, आजोबांचं लग्न, रूफसची जमीन, रूफसचं मरण, सगळं जागच्या जागी. त्याच्या मागं गेलं की माशी शिंकली. टॉलिव्हरचं कोर्ट यादवी युद्धात जळलं होतं. कुणी जाळलं हे तुम्ही कुणाच्या ओसरीवर बसला आहात त्यावर ठरे. दोन्हीकडच्या फौजा त्या रस्त्यानं गेल्या होत्या, आणि दोन्हीकडचे नातू अजून एकमेकांकडे बोट दाखवत. वर्डीला कुणाचंही बोट नको होतं, तिला दप्तर हवं होतं.

मग कळलं की आगीवर रडायचं कारणच नव्हतं. टॉलिव्हर काउंटी झाली त्याच्या आधीच्या काळातलं तिला हवं होतं, आणि तेव्हा बक क्रीक हॅस्क्यू काउंटीत होती. ती हॅस्क्यूला गेली. तिथं दोन हिवाळे घालवले. ऍब्सलम कुठंच नाही. शेवटी तिथल्या एका म्हाताऱ्या वकिलानं नकाशा पसरून दाखवलं: सीमारेषा ओढणाऱ्यांनी बक क्रीकच्या ओढ्याच्या अलीकडचा काठ धरायचा तो पलीकडचा धरला होता, आणि नंतर तो निस्तरेपर्यंत बक क्रीक ऑर्मंड काउंटीतच राहिली होती.

"म्हणजे आमची माणसं तिकडं राहायला गेली होती?" वर्डीनं विचारलं.

"छे हो. ती होती तिथंच बसली होती. काउंटी फिरत होती."

वर्डीनं पेन्सिल टेबलावर अशी आपटली की टोक उडालं.

त्यात नावाचा घोळ. डिलाहंटी या शब्दात इतकं अवघड काय आहे हे तिला कधी उमगलं नाही, पण जुन्या कारकुनांपैकी एकालाही ते नीट लिहिता आलं नव्हतं. डेलाहंट, डिलीहंटी, डाल्हंडी. एकानं तर डिल आणि हंट असे दोन तुकडे करून पहिल्याला पहिलं नाव आणि दुसऱ्याला आडनाव केलं होतं. प्रत्येक यादी ती चार चार नावांनी चाळायची. नॅशव्हिलच्या सरकारी संग्रहात जाऊन जुन्या दप्तरांच्या फिल्मच्या यंत्रासमोर बसली की डोळ्यांपुढून अक्षरं नदीसारखी वाहायची, आणि परतताना बसमध्ये तिला ओकारी यायची.

१८५० सालच्या खानेसुमारीत एकदाचं घर सापडलं. ऍब्सलम, वय अठ्ठावन्न. बायको. मुलगी केझाया, वय एकतीस. आणि रूफस, वय बारा. वर्डीला नाचावंसं वाटलं. पण फेल्टन चष्मा पुसत म्हणाले, "त्या खानेसुमारीत नातं लिहीत नसत, मिस वर्डी. एका घरात राहतो म्हणजे मुलगाच असं नाही. पुतण्या असेल, गडी असेल. आणि केझाया मुलगी हे तरी कशावरून?"

"मग कोण असेल, मांजर?"

"मी आपला नियम सांगतो."

ती घरी आली आणि तिनं फेल्टनच्या नावानं सगळं स्वयंपाकघर घासून काढलं.

पुढं ऑर्मंडच्या कोर्टात ऍब्सलमचं मृत्युपत्र मिळालं, त्याची तिनं नक्कल आणली. त्यात सगळ्या मुलांची नावं होती, केझायाचंही होतं. रूफसचं नव्हतं. वर्डीनं ते इतक्यांदा वाचलं की नेल्डालाही पाठ झालं. "कारकून विसरला असेल," वर्डी म्हणाली.

"खोगीर कुणाला, घड्याळ कुणाला, हे विसरला नाही," नेल्डा विणता विणता म्हणाली, "आणि पोरगा विसरला होय?"

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही. म्हणून तर बोलले."

घराण्याचं बायबल ओक्लाहोमात एका चुलत बहिणीकडे होतं. त्या लोकांत जन्म, लग्नं, मरणं त्यातच लिहितात. तीन पत्रांना उत्तर नाही आलं तेव्हा वर्डी स्वतः गेली, रात्रंदिवस बसचा प्रवास करून. बहिणीनं बायबल कपाटातून काढून दिलं. लग्नांचं पान होतं, मरणांचं होतं. जन्मांचं पान मुळाशी कापलेलं होतं. फाटलेलं नव्हे, कुणीतरी धारदार पात्यानं सरळ रेषेत कापलेलं.

"हे कुणी केलं?"

"बाई गं, ते तसंच आलं आमच्याकडे," बहीण म्हणाली. "पीचचा गोड पाय भाजलाय, एक तुकडा खाऊन जा."

वर्डीनं तो खाल्ला नाही. नंतर तिला त्याचंही वाईट वाटलं.

ऑर्मंडच्या कोर्टात मृत्युपत्रं पाहून झाली, खरेदीखतं पाहून झाली, जमिनीचे कर पाहून झाले. राहिली होती ती रोजच्या कामकाजाची बाडं: कुणाचं डुक्कर कुणाच्या शेतात शिरलं, रस्ता कुणी दुरुस्त करायचा, असलं सगळं. ना त्यांना सूची, ना अक्षर धड. वर्डी ती टाळत आली होती. आता दुसरं काही उरलं नाही म्हणून ती त्यांत शिरली, पान पान वाचत, ओठ चावत.

मार्चमध्ये एका दुपारी डुकरांच्या दोन खटल्यांमध्ये तिला ते भेटलं. त्या काळी लग्नावाचून मूल झालं की बाईला कोर्टापुढं उभं करून बापाचं नाव विचारत, म्हणजे पोराला पोसायचा भार काउंटीवर न पडता त्या बापावर पडावा. ओळी तुटक होत्या. केझाया डिलाहंटी, अविवाहित, हिला आपल्या रूफस नावाच्या मुलाच्या बापाचं नाव विचारलं. तिनं सांगायचं नाकारलं. पुन्हा विचारलं. पुन्हा नाकारलं. कोर्टाची पुढची बैठक बसेपर्यंत तिला तुरुंगात ठेवायचा हुकूम झाला. पुढच्या बैठकीत तिला पुन्हा आणलं, पुन्हा विचारलं. तिनं नाकारलं. मग तिचा बाप ऍब्सलम हा मुलाला जामीन राहिला आणि तिला सोडलं.

वर्डीला आधी फक्त रूफस हे नाव दिसलं, आणि क्षणभर छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. सापडला! मग बाकीचं वाचलं. मग पुन्हा वाचलं. म्हणजे ऍब्सलम हा रूफसचा बाप नव्हे, आजोबा. केझाया ही त्याची बहीण नव्हे, आई. डिलाहंटी हे नाव, ज्याच्यापायी ती तीन काउंट्या आणि एक ओक्लाहोमा पालथं घालून आली होती, ते कुठल्या बापाकडून आलेलंच नव्हतं. एका मुलीनं तोंड मिटून ठेवलं म्हणून ते पुढं चाललं होतं.

ती बाहेर येऊन गाडीत बसली. मांडीवर सँडविच तसंच राहिलं.

"अगं, सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?" ती एकदम मोठ्यानं म्हणाली. समोरून जाणारा माणूस दचकून थांबला. तिनं काच वर केली आणि आणखी मोठ्यानं म्हणाली, "एक नाव! एक नाव सांगायचं होतं! मला नाही, त्यांना तरी!"

हर्शेलला सांगायला ती दुसऱ्या दिवशी बक क्रीकला गेली. तो ओसरीवर बसून एका लाकडी ढालीला वॉर्निश लावत होता. ढालीवर मागच्या पायांवर उभा सिंह आणि खाली "डिलाहंटी". टपालानं मागवली होती. फाटकावर लावायची होती.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. ब्रश डब्यात ठेवला.

"हे आणखी कुणी वाचलंय?"

"ज्यानं लिहिलं त्यानं."

"चेष्टा करू नकोस, वर्डी. त्या फेल्टनला दाखवलंस?"

"नाही अजून."

"मग दाखवू नकोस. खानेसुमारीत नातं लिहिलेलं नाही, असं तूच म्हणालीस ना? मग झालं. वर ऍब्सलम, खाली रूफस. कोण तपासायला जातंय?"

"मला ठाऊक आहे ना."

"तू विसर."

"तुला विसरता येईल?"

हर्शेलचा चेहरा लाल झाला. "मला? मी अख्ख्या काउंटीत छाती ठोकून सांगितलंय! तुला काय, तू ना लग्न केलंस, ना तुला पोरं. माझ्या नातवंडांना शाळेत काय म्हणतील? तुला पाठवलं होतं कॅप्टन आणायला, आणि तू काय घेऊन आलीस?"

"जे होतं ते घेऊन आले!" वर्डीचा आवाजही चढला. आवाज तिच्याही घराण्यात होताच. "तुझा कॅप्टन कधी कॅप्टन नव्हता. त्याच्यावर दोनदा खटला झालाय, दोन्ही वेळा डुकरापायी!"

हर्शेल आत गेला आणि दार लावून घेतलं. ढाल ओसरीवरच राहिली.

तिथंच थांबायला हवं होतं, हे वर्डीला कळत होतं. पण ती थांबली नाही. आई सापडली तर बापही सापडेल, असं वाटून ती पुन्हा ऑर्मंडला जाऊ लागली. बक क्रीकच्या आसपास त्या साली कोण कोण होतं याची तिनं पाहणी केली. एक फिरता धर्मोपदेशक होता; तो आदल्या वर्षीच मिसूरीला गेला होता. गिरणीवाल्याचा मुलगा होता. तो त्याच्याही आधी घोड्यावरून पडून मेला होता. एक जमीन मोजणारा होता, त्याची मात्र वेळ जुळत होती. पण तो होता इतकंच, त्यापलीकडे काही नाही. किंब्रो कुणी आहेत का हे तिनं मुद्दाम पाहिलं, आणि मुद्दाम पाहिल्याची तिला लाजही वाटली. नव्हते. किंब्रो युद्धानंतर आले होते, एका गाडीतून, कुठून ते लिहिलेलं नव्हतं. वर्डीला हसू आलं, पण किंब्रोबाई केव्हाच वारली होती आणि हे सांगायला दुसरं कुणी नव्हतं. असलं ज्ञान काय चाटायचं?

फेल्टनना तिनं कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, घसा साफ केला.

"आपण असं लिहू या का," ते हळू म्हणाले, "की रूफस हा ऍब्सलमच्या घरी वाढला? खोटं नाही ते."

"तुम्हीच म्हणालात ना, मुलगा असेल, पुतण्या असेल, गडी असेल? तेव्हा आधार हवा होता. आता आधार आणला तर तुम्हाला आडोसा हवाय!"

"लोक वाचतील, मिस वर्डी."

"वाचू देत की. पुस्तक कशाला काढताय मग?"

ऑगस्ट आला. चर्चच्या पटांगणात टेबलं मांडली, टेबलांवर कोंबडी, मक्याचे पाव, चवळ्या, पुडिंगची पातेली. वर्डी जायचं नाही म्हणत होती, पण गेली. हर्शेल तिच्याशी बोलत नव्हता. जेवणं झाली आणि तो बाकावर चढला.

"तीन भाऊ," त्यानं सुरुवात केली, "समुद्रापलीकडून आले. एक उत्तरेला गेला, एक बुडाला..."

तो तिच्याकडे न बघता बोलत होता, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"हर्शेल, पुरे," ती उभी राहून म्हणाली. "तीन भाऊबिऊ कुणी नव्हते. रूफसच्या बापाचं नाव कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या आईचं लग्न झालेलं नव्हतं. केझाया तिचं नाव. तिला बापाचं नाव विचारलं तर ती सांगेना, म्हणून तुरुंगात टाकली, तरी तिनं सांगितलं नाही. आपण सगळे तिचे आहोत. बस."

कुणाच्या तरी सुनेनं पोराचे कान झाकले. हर्शेल बाकावर उभाच होता.

तेवढ्यात झाडाखालच्या खुर्चीतून खुसखुस ऐकू आली. ओनी आत्या. वर्डीच्या बापाची धाकटी बहीण, नव्वदीची, कानांनी अधू, दर वर्षी तिला उचलून आणून सावलीत बसवत आणि कोंबड्यांच्या गोष्टी ऐकत.

"किझी!" आत्या हसत म्हणाली. "किझी पणजी! मेली मुलखाची हट्टी. माझी आजी सांगायची ना, ही तिची सासू. म्हणायची, हिला किती वाजले विचारलं तरी ताकास तूर लागू द्यायची नाही."

वर्डी टेबलाला धरून तिच्यापर्यंत गेली. "आत्या, तुला ठाऊक होतं?"

"आँ?"

"रूफसची आई केझाया, हे तुला ठाऊक होतं?"

"न कळायला काय झालं? माझ्या आजीनं तिला शेवटपर्यंत सांभाळली की."

"आणि मला का नाही सांगितलंस? मी इतकी वर्षं तळघरांत मरतेय, आत्या! ओक्लाहोमाला जाऊन आले!"

"तू विचारलंस कधी?" आत्याला राग आला. "तू आलीस नि विचारलंस, आत्या, रूफसचा बाप कोण? मी म्हटलं, ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही. मग तू उठून गेलीस. नेहमी घाई तुला, कोर्ट बंद होईल, कोर्ट बंद होईल. आईचं विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. वर्डीला मात्र पातेलं उचलून फेकावंसं वाटत होतं.

"आणि ते बायबलातलं पान?"

"ते आजीनंच कापलं, आजोबांच्या वस्तऱ्यानं. घरी पाहुणे यायचे, बायबल उघडून बघायचे. ती म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या नावापुढची रिकामी जागा लोकांना कशाला दाखवू?"

"मग तुझ्या आजीला तरी बाप ठाऊक असेल? किझीनं तिला सांगितलं असेल?"

"असेल. मरताना सांगितलं असं एकदा म्हणाली होती." आत्यानं दातांतली चवळी काढली. "मी विचारणारच होते. पण मग माझं लग्न ठरलं, त्या गडबडीत राहून गेलं. आणि पुढच्या हिवाळ्यात आजी गेली."

वर्डी तिच्या पायाशी गवतावर बसली. तिला रडू येत होतं का हसू, हे तिलाच कळेना. आत्यानं तिच्या डोक्यावर थोपटलं आणि विचारलं, "पुडिंग उरलंय का गं?"

हर्शेल केव्हा बाकावरून उतरला आणि गाडी घेऊन गेला, कुणी पाहिलं नाही.

पुस्तक निघालं. डिलाहंटींचं पान पहिलं नव्हतं, मधे कुठंतरी होतं, आणि ते केझायापासून सुरू होत होतं. फेल्टननी एक शब्दही बदलला नाही. बदलला असता तर काय झालं असतं हे वर्डीनं त्यांना नेल्डाच्या देखत सांगून ठेवलं होतं. गावात महिनाभर कुजबुज झाली, मग कुणाच्या तरी घटस्फोटाची बातमी आली आणि लोक तिकडे वळले. आत्या त्या नोव्हेंबरात गेली. दफनाच्या वेळी हर्शेल आणि वर्डी शेजारी शेजारी उभे होते, तरी तो बोलला नाही. नाताळला त्यानं हॅम पाठवला, पण सुनेच्या हाती. वर्डीनं जॅम पाठवला, तोही सुनेच्या हाती. ती सून दोघांनाही कंटाळली होती.

वसंतात एका सकाळी वर्डी अंगणात कांद्याची रोपं लावत होती, तेव्हा त्याचा ट्रक येऊन थांबला. हर्शेल उतरला नाही. काच खाली करून समोर रस्त्याकडे बघत बसला.

"ती तुरुंगात होती," तो शेवटी म्हणाला, "तेव्हा पोरगं कुठं होतं?"

"कुणाचं पोरगं?"

"रूफस गं. तान्हं होतं ना? तिच्याजवळ होतं, की तिच्या बापाघरी ठेवलं होतं? दूध कसं पाजलं असेल?"

वर्डी हातातली माती झटकत उभी राहिली. हा हिवाळाभर याचा विचार करत बसला होता, हे तिच्या ध्यानात आलं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "लिहिलेलं नाही."

"थंडी होती का?"

"बैठक जानेवारीत होती. असेलच."

"आत चूल होती?"

"हर्शेल, लिहिलेलं नाही."

"कमाल आहे!" तो एकदम भडकला. "डुकरांचं सगळं लिहिलंय, आणि हे लिहिलेलं नाही? मग तू इतकी वर्षं तिथं बसून करत काय होतीस?"

वर्डीच्या तोंडापर्यंत एक सणसणीत उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं, ट्रकचं दार उघडलं आणि म्हणाली, "उतर आधी. कॉफी टाकलीय."

"वेळ नाही मला," हर्शेल म्हणाला, आणि उतरला.